पिशवीचं माप

शाळेच्या सिस्टर दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "काकू, एक पिशवी शिवून हवी होती." शिवणकाकूंनी मान वर न करताच विचारलं, "माप काय? आणि वर चेन लावू का नाडी?"

सिस्टर घुटमळल्या. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या खोलीत काका गादीत कापूस भरत होते आणि त्याची तूस पडद्याच्या फटीतून बाहेर येऊन उन्हाच्या तिरिपेत तरंगत होती. नवऱ्याने भरायचं, बायकोने शिवायचं, असं ते दुकान तीस वर्षं चाललं होतं. तीस वर्षं ती तूस हवेतच होती. खाली बसताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

"तशी पिशवी नाही हो," सिस्टरनी आवाज खाली आणला. "गर्भपिशवी."

काकूंचा पाय मशीनवरच थबकला.

सिस्टर होत्या गल्लीच्या टोकाच्या अंध मुलींच्या शाळेतल्या. मुली तिथेच राहायच्या, तिथेच शिकायच्या, आणि त्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, स्वयंपाकघरातले एप्रन सगळं काकूंच्या हातचं. सिस्टर स्टुलावर बसल्या आणि नीट सांगू लागल्या. "यंदा अकरा-बारा वर्षांच्या नऊ जणी आहेत. वयात येताना काय काय होतं ते त्यांना शिकवायचंय. आता फळ्यावर चित्र काढून त्यांना काय उपयोग? शाळेत एक प्लॅस्टरचा नमुना आहे. तो हातात दिला की म्हणतात, दगड आहे. मला मऊ हवंय. ओंजळीत धरता येईल, उघडून आतलं अस्तर चाचपता येईल असं."

काकूंनी आयुष्यात कुठल्याच कामाला नाही म्हटलं नव्हतं. "देते की," त्या म्हणाल्या. "गुरुवारी घेऊन जा."

सिस्टर एक पुस्तक ठेवून गेल्या. त्या गेल्यावर काकूंनी ते उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पानावर एक लालसर चित्र होतं, बकरीच्या तोंडासारखं, वर दोन शिंगं. सगळ्या भागांना नावं होती, बाण होते, पण माप कुठेच नव्हतं. शिवणकामाच्या पुस्तकात असला ढिसाळपणा कुणी खपवून घेतला नसता.

खरी गोष्ट अशी होती, की काकूंना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बावन्न वर्षांच्या झाल्या, एक मुलगी वाढवून, लग्न करून देऊन मोकळ्या झाल्या, आणि चौदा वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची पिशवी काढलीही होती. सगळे असंच म्हणायचे, "पिशवी काढली." नणंद म्हणायची, शेजारीण म्हणायची. आणि पिशवी म्हटल्यावर काकूंच्या डोळ्यांपुढे पिशवीच यायची, दोन बंदांची, बाजारात नेतात तशी. तीन किलोची पोर तिच्यात मावली होती म्हणजे तेवढी असणारच. ऑपरेशननंतर कित्येक दिवस त्या पोटावर हात ठेवून चालत. आत कुठेतरी रिकामी खुंटी आहे आणि तिला आता काहीच टांगलेलं नाही, असं त्यांना वाटायचं.

त्यांना स्वतःला वयात येताना जे शिक्षण मिळालं, ते दोन शब्दांचं होतं. आत्याने कपड्यांची घडी हातात दिली आणि म्हणाली, "आता जपून." काय जपून, कुणापासून जपून, ते काही सांगितलं नाही. काकू पुढे वर्षभर जिना एकेक पायरी मोजत उतरत होत्या. आणि पुढे स्वतःच्या लेकीची वेळ आली तेव्हा त्यांनी घडी हातात दिली, आणि तोंडातून निघालं काय, तर "आता जपून."

त्या दुपारी त्यांनी लाल कापड काढलं आणि चित्राबरहुकूम कापायला घेतलं. कात्री कापडातून होडीसारखी सरकत होती. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, तेही फार लांबून आल्यासारखं वाटलं. संध्याकाळपर्यंत टेबलावर हातभर लांब, लालभडक, दोन शिंगांची वस्तू तयार होती.

काका पाणी प्यायला बाहेर आले. केसांत कापूस, भुवयांवर कापूस.

"हे काय? मासा?"

"सिस्टरची ऑर्डर." काकूंनी पुस्तक पुढे सरकवलं.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पुस्तकात पाहिलं, टेबलावर पाहिलं. त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

"एवढी मोठी नसते," ते म्हणाले.

"तुम्हाला हो काय माहीत?"

काका पाण्याचा पेला तसाच धरून उभे राहिले.

"अहो, मी काहीतरी विचारतेय."

त्यांनी पेला खाली ठेवला. काकूंचा उजवा हात घेतला, बोटं एकेक करून मिटली आणि ती मूठ त्या लाल कापडावर ठेवली. "एवढी असते."

"कुणी सांगितलं?"

"सांगितलं नाही कुणी. मी पाहिली. तुझीच. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. काढलेलं घरच्या माणसाला दाखवतात. ट्रेमध्ये ठेवली होती. तू गुंगीत होतीस."

काकू स्वतःच्या मुठीकडे बघत राहिल्या. चौदा वर्षं! चौदा वर्षं हा माणूस समोर बसून जेवत होता, वर्तमानपत्र वाचत होता, आपल्याला सुई ओवून देत होता, आणि आपल्या आतली जी वस्तू आपण कधी पाहिली नाही, ती याने पाहिली होती.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला ऐकायचं नसेल."

"कशी होती?"

काकांनी बराच विचार केला. "नासपतीसारखी. खाली निमुळती. गुलाबीसर. मी घाबरतच आत गेलो होतो, म्हटलं काय बघायला लागतंय. पण तसं काही नव्हतं गं. दमल्यासारखी दिसत होती."

काकूंना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तिथेच टेबलाला टेकून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. काकाही गेले नाहीत. दिवा लावायची वेळ झाली होती, पण दोघांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

पुढचे दोन दिवस काकू पाण्याखाली चालल्यासारख्या वावरल्या. दूध उतू गेलं. एका गिऱ्हाइकाच्या पडद्यांना त्यांनी उलट्या बाजूने दुमड घातली. पण नवी पिशवी झकास जमली. बाहेरून मऊ गुलाबी होजिअरी, समोर उघडायला चिकटपट्टी, आत गर्द लाल मखमलीचं अस्तर, तेही बटणं काढून सुटं करता येईल असं. दोन बाजूंना दोन नळ्या, उशीच्या कडेला घालतात तशा दोरीच्या. नळ्यांच्या टोकाला झालर. पुस्तकातही झालरच लिहिलं होतं, ते वाचून काकूंना एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. झालरीशी बदामाएवढ्या दोन गोट्या, त्यांत मोहरी भरली, म्हणजे बोटांना आतले दाणे लागतील. कापूस काकांनी भरला. ते कुणाला हात लावू देईनात. दाबून पाहायचे, डोळे मिटायचे, थोडा काढायचे, पुन्हा भरायचे. शेवटी म्हणाले, "हां. अशी."

बुधवारी सिस्टर बघायला आल्या आणि हातात घेऊन नळीपासून झालरीपर्यंत बोटं फिरवू लागल्या. मग काकूंनी मनातली शंका विचारून घेतली. तीन किलोचं मूल एवढ्याशा मुठीत राहतं कसं?

"ताणते," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या होजिअरीसारखी. आणि पुन्हा पूर्ववत होते."

"आणि हे अस्तर कशाला?"

"मूल राहायचं झालं तर त्याला मऊ जागा हवी ना. म्हणून दर महिन्याला नवं तयार होतं. मूल नसेल राहायचं, तर त्याचं काम उरत नाही. मग ते सुटतं आणि रक्ताबरोबर बाहेर पडतं. तीच पाळी."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे महिन्याला अस्तर घालायचं, आणि गिऱ्हाईक आलं नाही की उसवायचं?"

"अगदी!"

"अहो, मग एवढंच होतं तर!" काकू म्हणाल्या. चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं, की आतलं काहीतरी नासतं आणि वाहून जातं. "एवढंच होतं, तर आत्याला सांगायला काय झालं होतं?"

"उद्या वर्गात या तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. "मी जे तासभर सांगते ते तुम्ही एका ओळीत सांगितलंत."

वर्ग माडीवर होता. खिडक्या उघड्या, सतरंजीवर नऊ मुली गोल करून बसलेल्या. काकू कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या. सिस्टरनी आधी सगळं साध्या शब्दांत सांगितलं. उंची वाढेल. छाती भरेल, कधी दुखेल. काखेत आणि पायांच्या मध्ये केस येतील. घामाला वेगळा वास येईल. उगाच रडू येईल, उगाच हसू येईल. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, आणि त्यात हार-जीत असं काही नसतं. हेही सांगितलं, की आपल्या अंगाला आपल्या मनाविरुद्ध कुणी हात लावायचा नाही, रस्ता ओलांडून द्यायला आलेल्यानेही आधी विचारायचं. आणि कुणी लावलाच, तर त्यात चूक आपली नसते, येऊन सांगायचं.

मग ती पिशवी गोलात फिरू लागली.

काकूंनी आजवर शिवलेलं लोकांनी डोळ्यांनीच पाहिलं होतं, नाहीतर नुसतं वापरलं होतं. आज पहिल्यांदा त्यांची शिवण कुणी वाचत होतं. मुलींची बोटं नळीवरून झालरीपर्यंत जात, तिथे थांबत, मोहरीच्या दाण्यांशी खेळत, मखमलीवर पालथी पडून राहत. कुणी ती गालाला लावली. कुणी कानाशी नेली. वाऱ्याने पडदा आत येत होता, बाहेर जात होता, आणि सगळी खोलीच मंद श्वास घेतेय असं काकूंना वाटलं.

"ही माझ्या आत आहे कशावरून?"

हा आवाज खिडकीजवळच्या मुलीचा. शाळेत तिचं नावच 'कशावरून' पडलं होतं. आज गुरुवार आहे म्हटलं तरी ती विचारायची, कशावरून?

"तुझी सध्या याहून लहान असेल," सिस्टर म्हणाल्या. "हळूहळू वाढेल. हात लावून कळत नाही, पण प्रत्येक मुलीत साधारण अशीच असते. कुणा एखादीत नसतेही."

"ह्या काकूंमध्ये आहे?"

सिस्टरनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी घसा साफ केला. "माझ्यात होती. दुखायला लागली, म्हणून डॉक्टरांनी काढून टाकली."

"मग तुम्ही आता बाई आहात कशावरून?"

एक-दोघी फिसकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. सिस्टर काही बोलणार तेवढ्यात काकूच म्हणाल्या, "बाई गं, हा प्रश्न मीही चौदा वर्षं मनात घेऊन बसलेय. पण दुकानात नवी गिऱ्हाइकं मला बाई म्हणून हाक मारतात आणि मी ओ देते. झोपेतसुद्धा देते. त्यावरून."

सगळा वर्ग खो-खो हसला. 'कशावरून' मात्र हसली नाही. पिशवी आता तिच्या मांडीवर होती. तिने अस्तराची बटणं एकेक करून काढली, मखमल हातात घेतली, पुन्हा लावली, पुन्हा काढली.

"आम्हाला रक्त दिसत नाही," ती म्हणाली. "मग कळणार कसं?"

"ओलं लागतं. चिकट लागतं," सिस्टर म्हणाल्या. "त्याचा वास वेगळा असतो, लोखंडासारखा. पोटात किंवा कमरेत दुखतं कधी. आणि शंका आली की मला येऊन विचारायचं. मध्यरात्री उठवलंत तरी चालेल."

"लोखंडासारखा," ती हळूच म्हणाली. मग अस्तर मुठीत धरून तिने विचारलं, "आणि हे एकदा उसवलं की पुन्हा शिवलं जातं कशावरून?"

काकूंना तो आवाज ओळखता आला. जिना मोजत उतरणाऱ्या मुलीचा आवाज होता तो. त्या खुर्चीवरून उठल्या आणि सतरंजीवर तिच्याशेजारी बसल्या.

"हात लावू तुझ्या हाताला?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. काकूंनी तिची बोटं धरून मखमल जागेवर बसवली, बटणं लावली. "बघ. लागलं. आता काढ. निघालं. पुन्हा लाव."

"पण आत कोण लावतं?"

"कुणी नाही. आपलं आपण लागतं. तिथे माझ्यासारखीची गरज पडत नाही."

मुलीने आणखी एकदा बटणं काढून लावली. मग काकूंच्या कानाशी येऊन म्हणाली, "माझं तीन आठवड्यांपूर्वी उसवलं. चार दिवस. मला वाटलं, उडी मारताना आतलं काहीतरी फाटलं. मी रुमाल लावले. ते गादीखाली आहेत."

काकू आणखी जवळ सरकल्या. "कुणाला सांगितलं नाहीस?"

"फाटलंय म्हटल्यावर रागावतात."

"फाटलं नाही गं. काही फाटलं नाही." काकूंना 'आता जपून' अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "तू उड्या मार. वाटेल तेवढ्या मार."

तिच्या परवानगीने काकूंनी सिस्टरना सांगितलं. सिस्टरनी तास संपल्यावर तिला आपल्या खोलीत नेलं, रुमालांची विल्हेवाट लावली, पॅड कसं लावायचं, कसं गुंडाळून टाकायचं ते हातात देऊन शिकवलं. पाळी पहिली एक-दोन वर्षं मागेपुढे होते हेही सांगितलं. त्यावर तिने अर्थातच विचारलं, कशावरून?

घरी आल्यावर काकू स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी नऊ छोट्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत दोन कप्पे, एका कप्प्याला गुळगुळीत बटण, त्यात स्वच्छ पॅड, दुसऱ्याला खरखरीत, त्यात वापरलेलं. मग लेकीला फोन लावला.

"अगं, अस्तर असतं आत," त्यांनी सुरुवातच केली. "दर महिन्याला नवं लागतं आणि..."

"आई, मी तिशी ओलांडली. मला दोन मुलं आहेत."

"असू देत. माझं सांगायचं राहिलं होतं, ते सांगतेय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "सांग," लेक म्हणाली. आणि काकूंनी सगळं सांगितलं, झालरीसकट.

तीन महिन्यांनी सिस्टर ती पिशवी दुरुस्तीला घेऊन आल्या. शाळेच्या वाचनालयात ती पुस्तकासारखी ठेवली होती, मोठ्या मुलीही नेऊ लागल्या होत्या. मखमलीला टक्कल पडलं होतं, एका बाजूची मोहरी सांडली होती. काकूंनी अस्तर उसवायला घेतलं तर आत कागद. जाड कागदाच्या बारीक घड्या, ठिपक्या-ठिपक्यांच्या लिपीतल्या.

"तरीच मुली मला म्हणत होत्या, दुरुस्तीला देण्याआधी रिकामी करा," सिस्टर म्हणाल्या. "प्रश्न टाकलेत बहुतेक. नावं नाहीयेत."

दुपार होती. सिस्टर स्टुलावर बसून बोटांनी वाचत होत्या, काकू नवी मखमल कापत होत्या, मागे काका गादी ठोकत होते.

"'एका बाजूला छातीत गाठ लागते, दुसऱ्या बाजूला नाही. मी मरणार आहे का?'" सिस्टर हसल्या. "सुरुवात एकीकडूनच होते बऱ्याचदा. दुसरी मागून येते. तरी ये, तपासून बघू, असं लिहिते, म्हणजे तिचा जीव थाऱ्यावर येईल."

"'पाळीत पोहता येतं का?'"

"येतं का हो?" काकूंनी विचारलं.

"येतं. काय वापरायचं ते शिकवावं लागेल." सिस्टरनी पुढची घडी उलगडली. त्यांची बोटं कागदावरून एकदा गेली, आणि परत पहिल्यापासून गेली. "'रेडिओवर सकाळी बातम्या सांगतो त्याचा आवाज ऐकला की माझ्या पोटात काहीतरी हलतं. मी तो आवाज झोपताना आठवते. हा आजार आहे का? औषध असेल तर कडू नको.'"

काकूंची कात्री थांबली. मागच्या खोलीतली ठोकणीही थांबली. पडदा जरासा हलला आणि कापसाने पांढरं झालेलं काकांचं डोकं बाहेर आलं.

"आजार नाही म्हणावं," ते म्हणाले. कान लाल झाले होते, पण ते आत गेले नाहीत. "मला झाला होता. हिचा आवाज भिंतीपलीकडून यायचा, शेजारी शिकवणीला यायची तेव्हा. चेहरा नंतर पाहिला मी."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," काकू म्हणाल्या.

"तू विचारलं नाहीस."

सिस्टरनी आपल्या खांद्यावरच्या पिशवीतून जाड कागद आणि टोचणी काढली आणि उत्तर टोचायला घेतलं. टोचणीचा बारीक टकटक आवाज दुकानात भरून राहिला. काकूंनी मशीनवर पाय दाबला आणि थोडं पुढे गेल्यावर, शिवण न थांबवता, विचारलं, "बरं, आणखी काय काय विचारलं नाही मी?"

काका पडदा बाजूला सारून बाहेर आले आणि स्टूल शोधू लागले.